क्षयरोगावरील उपचारांचा इतिहास

क्षयरोगावरील उपचारांचा इतिहास या लेखात प्राचीन काळापासून १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक उपलब्ध होईपर्यंत क्षयाच्या, मुख्यतः फुप्फुसाच्या क्षयाच्या, रुग्णावर कोणकोणते उपचार केले जात याचा आढावा घेतला आहे. या प्रदीर्घ काळात रोगाच्या मुळावर घाव घालणारे एकही औषध वैद्यकाच्या हाती नव्हते. रोग कशामुळे होतो याविषयी त्या त्या काळी व त्या त्या देशी जी समजूत रूढ असे, तिच्यावरून रुग्णाला काय खाऊ घालावे, कोठे ठेवावे आणि त्याच्याजवळ कोणी जावे हे ठरत असे. समजूत बदलली की उपचार बदलत आणि त्याबरोबर रुग्णाचे घरातील व समाजातील स्थानही बदलत असे.

नाव

मराठीत या रोगाला क्षय, क्षयरोग, राजयक्ष्मा अशी नावे आहेत. जुन्या मराठी लेखनात ‘कफक्षय’ हा शब्दही आढळतो. आज ‘टीबी’ हे इंग्रजी संक्षिप्त रूप सर्वत्र प्रचलित आहे. संस्कृतमधील ‘क्षय’, ग्रीक भाषेतील ‘फ्थायसिस’ आणि इंग्रजीतील जुना शब्द ‘कन्झम्प्शन’ या तिन्हींच्या मुळाशी झिजणे, खंगणे हाच अर्थ आहे. रोगाचे कारण ठाऊक नसताना त्याला त्याच्या दृश्य परिणामावरून नाव मिळाले. रुग्णाचे मांस झडत जाणे, सायंकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, दीर्घकाळ टिकणारा खोकला व थुंकीतून पडणारे रक्त ही लक्षणे निरनिराळ्या संस्कृतींतील वैद्यांनी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवली आहेत.

रोगाची गती आणि उपचारांचा आभास

क्षयरोग मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे होतो. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे तो पसरतो. संसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्ती कधीच आजारी पडत नाहीत. ज्यांना रोग होतो त्यांच्यातही तो एकसारखा वाढत जात नाही. काही महिने प्रकृती सुधारते, वजन वाढते, ताप उतरतो आणि मग रोग पुन्हा उचल खातो. औषधोपचार न मिळाल्यास थुंकीत जंतू आढळणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण १० वर्षांच्या आत दगावतात; उरलेल्यांपैकी काही आपोआप बरे होतात.

जुने उपचार समजून घेण्यासाठी ही चढउताराची गती ध्यानात घेणे आवश्यक आहे. सुधारणेच्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळे, आणि रुग्ण दगावला तर उपचार उशिरा सुरू झाला असे म्हटले जाई. त्यामुळे निरुपयोगी, प्रसंगी घातक उपचारही शतकानुशतके टिकून राहिले. एकाच प्रकारच्या रुग्णांचे दोन गट करून त्यांची तुलना करण्याची पद्धत विसाव्या शतकापूर्वी वैद्यकात रूढ नव्हती.

प्राचीन भारतीय वैद्यक

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे. दक्ष प्रजापतीच्या कन्या चंद्राच्या पत्नी होत्या. त्यांपैकी रोहिणीवरच आसक्त राहिल्यामुळे चंद्राला हा रोग जडला, अशी कथा तेथे येते. राजा असलेल्या चंद्राला प्रथम झाला म्हणून ‘राजयक्ष्मा’, अशी या नावाची एक व्युत्पत्ती दिली जाते. या कथेच्या जोडीला संहितेत रोगाची चार कारणे सांगितली आहेत : साहस म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी नैसर्गिक वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषमाशन म्हणजे अवेळी किंवा अयोग्य आहार.

शरीर झिजते म्हणून ते भरून काढावयाचे, हे या चिकित्सेचे सूत्र होते. बकरीचे दूध, तूप, मांसरस व पचावयास हलके धान्य यांवर भर असे. मांसाने मांस वाढते या विचारानुसार मांसभक्षक प्राण्यांचे व पक्ष्यांचे मांसही सांगितले आहे. असे मांस कळले तर रुग्णाला किळस येईल, म्हणून ते दुसऱ्या, खाण्याजोग्या प्राण्याच्या नावाने द्यावे, अशी सूचनाही चरकसंहितेत आहे. अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णाला खाऊ कसे घालावे, ही शुश्रूषेतील अडचण संहिताकारांना चांगली परिचित होती असे यावरून दिसते. याच अध्यायातील सितोपलादी चूर्ण आणि खोकल्यावर वापरला जाणारा अडुळसा ही औषधे आजही महाराष्ट्रातील घरांत परिचित आहेत. त्यांनी खोकल्याला उतार पडत असला, तरी क्षयाच्या जंतूंचा नायनाट होत नाही.

ग्रीक, रोमन व अरबी वैद्यक

हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथांत फ्थायसिस हा रोग प्रामुख्याने १८ ते ३५ या वयात होतो असे निरीक्षण आहे. ऐन कर्त्या वयातील माणसांना गाठणारा रोग, ही क्षयाची ओळख तेव्हापासून कायम राहिली. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन हा रुग्णांना व्हेसुव्हियस पर्वताजवळील स्ताबिए येथे पाठवी. तेथील कोरडी हवा आणि तेथील गुरांचे दूध यांवर त्याचा विश्वास होता. हवापालट आणि दूध ही जोडी पुढे जवळजवळ अठरा शतके टिकली. अकराव्या शतकातील इब्न सीना याने आपल्या वैद्यकग्रंथात क्षयाची गणना संसर्गजन्य रोगांत केली.

राजस्पर्श

क्षयाच्या जंतूंमुळे मानेतील लसिकाग्रंथी सुजून फुटतात, त्या विकाराला मराठीत गंडमाळ म्हणतात. मध्ययुगापासून इंग्लंड व फ्रान्समध्ये राजाच्या हाताच्या स्पर्शाने गंडमाळ बरी होते अशी श्रद्धा होती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या कारकिर्दीत ९० हजारांहून अधिक लोकांना असा स्पर्श केल्याचे मानले जाते. पुढे कोशकार म्हणून विख्यात झालेला सॅम्युअल जॉन्सन याला १७१२ मध्ये, बालवयात, राणी ॲनकडे नेण्यात आले होते. तेथे मिळालेले पदक त्याने आयुष्यभर गळ्यात बाळगले. मात्र रोगाचे व्रण चेहऱ्यावर कायम राहिले. राणी ॲननंतर इंग्लंडमध्ये ही प्रथा बंद पडली. फ्रान्समध्ये दहावा चार्ल्स याने १८२५ मध्ये ती शेवटची पार पाडली. गंडमाळ अनेकदा आपोआप ओसरते, हे या श्रद्धेच्या दीर्घायुष्याचे एक कारण होय.

आनुवंशिक की सांसर्गिक

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपात क्षयाविषयी दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी नांदत होत्या. इंग्लंड व उत्तर युरोपातील बहुतेक डॉक्टर त्याला घराण्यातून येणारी दुर्बलता मानत. एकाच कुटुंबातील माणसे पाठोपाठ दगावताना दिसत, हा त्यांचा पुरावा होता. इटली व स्पेनमध्ये मात्र रोग सांसर्गिक मानला जाई. लुक्का, स्पेन व नेपल्स येथे रुग्णांची नोंद करणे व त्यांच्या वस्तू जाळणे यांसाठी कायदे झाले.

इंग्रज कवी जॉन कीट्स याला या दोन्ही समजुतींचा अनुभव आला. १८१८ मध्ये त्याने क्षयाने आजारी असलेल्या आपल्या धाकट्या भावाची, टॉमची, अखेरपर्यंत शुश्रूषा केली. तो आनुवंशिक विकार आहे या समजुतीमुळे अशा वेळी विशेष काळजी घेतली जात नसे. कीट्सने स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्यातून रक्त पडले तेव्हा त्याच्या रंगावरून आपला अंत जवळ आल्याचे त्याने ओळखले. तत्कालीन पद्धतीनुसार त्याच्या शरीरातून रक्त काढण्यात आले व त्याला अत्यल्प आहारावर ठेवण्यात आले. रोग म्हणजे दाह, आणि दाह शमवण्यासाठी रक्त व अन्न कमी करावयाचे, असा त्यामागील विचार होता. झिजत चाललेल्या शरीराची झीज या उपचाराने वाढतच असे. त्याच वर्षी त्याला रोमला हलवण्यात आले. तेथे डॉ. जेम्स क्लार्क यांनी हेच उपचार चालू ठेवले. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी वयाच्या २५ व्या वर्षी कीट्स मरण पावला. त्यानंतर स्थानिक नियमांप्रमाणे त्याच्या खोलीतील सामान जाळण्यात आले व भिंती खरवडण्यात आल्या.

संगीतकार फ्रेडरिक शोपँ १८३८ च्या हिवाळ्यात हवापालटासाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. रोगाची वार्ता पसरताच घरमालकाने त्याला व त्याच्या सोबतच्या मंडळींना घर सोडावयास लावले आणि घराला नव्याने सफेदी देण्याचा खर्च मागितला. त्यांना वाल्देमोसा येथील एका जुन्या मठात आसरा घ्यावा लागला. रोग सांसर्गिक आहे हे तेथील लोकांचे मत योग्य होते. परंतु त्या ज्ञानातून रुग्णासाठी काळजीची व्यवस्था निर्माण न होता बहिष्कार निर्माण झाला. उत्तरेत रुग्णाला घरात जागा होती, पण घरच्यांना संरक्षण नव्हते. दक्षिणेत संरक्षणाचा प्रयत्न होता, पण रुग्णाला जागा नव्हती.

एकोणिसाव्या शतकातील प्रयोग

फ्रेंच वैद्य रेने लेनेक याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप तयार केला. छातीतील आवाज आणि शवविच्छेदनात दिसणाऱ्या फुप्फुसातील गाठी व पोकळ्या यांचा संबंध त्याने १८१९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिला. यामुळे निदान अचूक होऊ लागले, उपचारात मात्र फरक पडला नाही. लेनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयानेच मरण पावला.

अमेरिकेत डॉ. जॉन क्रोगन याने केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विशाल गुहेतील स्थिर तापमान रुग्णांना मानवेल या कल्पनेने १८४२–४३ च्या हिवाळ्यात गुहेच्या आत झोपड्या बांधून रुग्णांना ठेवले. अंधार, दमट हवा व स्वयंपाकाचा धूर यांमुळे त्यांची प्रकृती अधिकच ढासळली. काही जण गुहेतच दगावले आणि काही महिन्यांत हा प्रयोग सोडून देण्यात आला. तेथील दगडी झोपड्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

१८४० च्या दशकापासून कॉड माशाच्या यकृताचे तेल हा युरोपातील एक प्रमुख उपचार ठरला. लंडनमध्ये छातीच्या रोगांसाठी स्थापन झालेल्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात ते मोठ्या प्रमाणावर दिले जाई. त्यातील स्निग्धांश व जीवनसत्त्वांमुळे पोषणास काहीशी मदत होत असे. रोग मात्र त्याने बरा होत नसे.

आरोग्यधामे

इंग्रज डॉक्टर जॉर्ज बॉडिंग्टन याने १८४० मध्ये रक्तमोक्षण व बंद खोल्या यांवर टीका करून मोकळी हवा, पुष्टिदायक आहार व व्यायाम यांचा पुरस्कार केला. परंतु त्याची उपेक्षाच झाली. ही पद्धत रुजवली ती जर्मन डॉक्टर हेर्मान ब्रेमर याने. १८५० च्या दशकात त्याने डोंगराळ भागातील ग्योर्बर्सडोर्फ (आता पोलंडमधील सोकोवोव्स्को) येथे आरोग्यधाम सुरू केले. क्षयरोग्याचे हृदय फुप्फुसांच्या मानाने लहान असते व उंचावरील हवेत ते सबळ होते, हे त्याचे गृहीतक चुकीचे होते. तरीही चांगले अन्न, नियमित दिनचर्या व डॉक्टरांची सततची देखरेख यांचा लाभ रुग्णांना मिळाला. ब्रेमरचा रुग्ण व पुढे सहकारी असलेला पीटर डेटवाइलर याने १८७६ मध्ये फाल्केनश्टाइन येथे स्वतःच्या आरोग्यधामाची धुरा घेतली आणि व्यायामाऐवजी संपूर्ण विश्रांतीवर भर दिला. उघड्या सज्जात आरामखुर्च्यांवर, घोंगड्या पांघरून, थंडीतही तासन्‌तास पडून राहणे हे पुढे युरोपभरच्या आरोग्यधामांचे वैशिष्ट्य ठरले. थुंकी सर्वत्र पडू नये म्हणून रुग्णांनी खिशात बाळगावयाची झाकणाची निळी बाटलीही डेटवाइलरनेच प्रचारात आणली.

अमेरिकेत स्वतः क्षयरोगी असलेल्या डॉ. एडवर्ड ट्रूडो याने १८८० च्या दशकात सॅरनॅक लेक येथे आरोग्यधाम उभारले. आपल्या पद्धतीची पारख करण्यासाठी त्याने सशांवर प्रयोग केला. क्षयाचे जंतू टोचलेले पाच ससे अंधाऱ्या, दमट जागी अपुऱ्या अन्नावर ठेवले. त्यांपैकी चार मेले. तसेच जंतू टोचलेले दुसरे पाच ससे एका बेटावर मोकळे सोडून भरपूर खाद्य दिले. त्यांपैकी एकच मेला. जंतू न टोचता वाईट स्थितीत ठेवलेले पाचही ससे अशक्त झाले, परंतु त्यांना क्षय झाला नाही. रोग जंतूमुळे होतो, पण त्याचा जोर परिस्थितीवर अवलंबून असतो, हे यातून स्पष्ट झाले.

आरोग्यधामातील वास्तव्य महिन्यांचे किंवा वर्षांचे असे. ठरावीक वेळी तापमान पाहणे, वजन करणे, बोलण्यावर व हालचालींवर बंधने आणि कुटुंबापासून दीर्घ ताटातूट हा तेथील नित्यक्रम होता. श्रीमंत रुग्ण आल्प्स पर्वतातील दाव्होससारख्या ठिकाणी जात. गरिबांसाठी धर्मादाय व सरकारी संस्था निघाल्या. परंतु तेथून परतलेला कामगार बहुधा त्याच कोंदट खोलीत आणि त्याच कष्टांत परत जाई व रोग पुन्हा बळावे.

जंतूचा शोध आणि ट्युबरक्युलिन

फ्रेंच डॉक्टर झां-आंत्वान व्हिलमँ याने १८६५ मध्ये रुग्णाच्या शरीरातील द्रव्य सशांना टोचून रोग संक्रमित होतो हे दाखवले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा दिवस आता जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. १८९० मध्ये कॉखने ट्युबरक्युलिन हा उपाय जाहीर करताच देशोदेशींचे रुग्ण बर्लिनकडे लोटले. मात्र अनेकांची स्थिती बिघडली, काही दगावले, आणि हे औषध निष्फळ असल्याचे लवकरच उघड झाले. पुढे ट्युबरक्युलिनचा उपयोग संसर्ग ओळखण्याच्या चाचणीसाठी होऊ लागला.

कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत सहा दशकांचे अंतर पडले. या अंतरात सापडलेल्या रुग्णांपैकी एक म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या पाश्चात्त्य वैद्यकातील पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक ठरल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेतच त्या त्या वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. रोगाचा जंतू ओळखला जाऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षे झाली होती. परंतु जगातील कोणत्याही रुग्णालयात त्यावर औषध नव्हते.

भारतातील आरोग्यधामे

भारतातील पहिले क्षयरोग आरोग्यधाम १९०६ मध्ये अजमेरजवळील तिलोनिया येथे ख्रिस्ती मिशनने सुरू केले. मुंबईतील समाजसुधारक बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने सिमल्याजवळील धरमपूर येथे १९०९ मध्ये आरोग्यधाम निघाले. कुमाऊँमधील भोवाली येथे १९१२ मध्ये आरोग्यधाम उघडले. कमला नेहरू यांच्यावर तेथे उपचार झाले. पुढे त्यांना युरोपात नेण्यात आले व २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले, पुढे ‘बेल एअर’ या नावाने ओळखले गेलेले आरोग्यधाम प्रसिद्ध आहे. मिरजेजवळ मिशनरी शल्यविशारद डॉ. विल्यम वानलेस यांच्या प्रयत्नांतून क्षयरोग्यांसाठी संस्था उभी राहिली. वानलेसवाडी हे त्या परिसराचे नाव त्यांची आठवण राखून आहे. पुण्यात औंध येथे व मुंबईत शिवडी येथे क्षयरोग रुग्णालये निघाली. मात्र या सर्व संस्थांतील खाटा रुग्णसंख्येच्या मानाने अगदी थोड्या होत्या. बहुसंख्य रुग्णांची शुश्रूषा चाळीतील एका खोलीत किंवा खेड्यातील घरात, घरच्या माणसांच्या हातूनच होत असे.

फुप्फुसावरील शस्त्रक्रिया व सोन्याचे क्षार

इटालियन डॉक्टर कार्लो फोर्लानिनी याने फुप्फुसाला विश्रांती देण्यासाठी छातीच्या पोकळीत सुईने हवा किंवा नायट्रोजन भरून ते दाबून ठेवण्याची पद्धत काढली. ही हवा शोषली जात असल्याने ती ठरावीक काळाने पुन्हा भरावी लागे व हे उपचार वर्षानुवर्षे चालत. ज्यांना हे शक्य नसे त्यांच्या काही बरगड्या कापून छातीची भिंत कायमची आत दाबली जाई. या शस्त्रक्रियेने शरीर एका बाजूला वाकत असे. काही रुग्णांमधील पोकळ्या यामुळे बंद झाल्या. परंतु जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचा धोकाही मोठा होता.

१९२० च्या दशकात सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने लोकप्रिय झाली. अमेरिकेत डॉ. जे. बर्न्स ॲम्बर्सन व सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचे बारा-बारांचे दोन समतुल्य गट केले, कोणत्या गटाला औषध द्यावयाचे हे नाणे उडवून ठरवले आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोन्याने लाभ न होता अपायच होतो, असे त्यांना आढळले. शतकानुशतके राहून गेलेली तुलना या ठिकाणी प्रत्यक्षात आली.

स्ट्रेप्टोमायसिन आणि मद्रासचा अभ्यास

१९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ब्रिटनमध्ये या औषधाचा पुरवठा अपुरा असल्याने सर्वांना ते देणे शक्य नव्हते. म्हणून १९४७ मध्ये रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी घेण्यात आली. केवळ अंथरुणातील विश्रांती मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी सहा महिन्यांत १४ दगावले, तर स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४. एकटे औषध वापरल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात हेही याच चाचणीत दिसून आले. त्यानंतर पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल आणि १९५२ पासून आयसोनायाझिड ही औषधे जोडीने देण्याची पद्धत आली.

१९५६ मध्ये मद्रास (आता चेन्नई) येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने एक अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरी, तीच औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामातील रुग्णांना अन्न, विश्रांती व मोकळी जागा अधिक मिळत होती; तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी उपचार घेणारे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना रोग होण्याचे प्रमाणही अधिक नव्हते. घर व रोजगार सोडण्याची सक्ती त्यामुळे अनावश्यक ठरली. जगभरातील आरोग्यधामे हळूहळू बंद झाली किंवा सर्वसाधारण रुग्णालयांत रूपांतरित झाली.

मूल्यमापन

ब्रिटनसारख्या देशांत औषधे येण्यापूर्वीच क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले होते. सुधारलेला आहार, कमी दाटीची घरे, रुग्णांचे अलगीकरण व दुधाचे निर्जंतुकीकरण यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या उपचारांपैकी रक्तमोक्षण, उपासमार, सोन्याचे क्षार व गुहेतील वास्तव्य यांनी हानीच केली. पोषक अन्न, मोकळी हवा व थुंकीची योग्य विल्हेवाट यांना मात्र आजही महत्त्व आहे. चरकसंहितेपासून आरोग्यधामांपर्यंत सर्वांनी आग्रह धरलेल्या पोषणाला आधुनिक संशोधनानेही दुजोरा दिला असून भारतात क्षयरुग्णांना औषधांसोबत पोषणासाठी शासकीय साहाय्य दिले जाते.

रोगाविषयीची भीती औषधे आल्यानंतरही पूर्णतः ओसरलेली नाही. रुग्णाचे ताटवाटी वेगळे ठेवणे, आजार लपवणे, विवाह मोडणे हे प्रकार आजही आढळतात. क्षय ताटवाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. आणि योग्य औषधे नियमितपणे सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून होणाऱ्या संसर्गाचा धोका लवकर कमी होतो. औषधे मध्येच सोडल्यास जंतू त्यांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणून बरे वाटू लागले तरी उपचार पूर्ण करणे आवश्यक असते.